डाळिंबाची बाग आणि अठरा महिन्यांचे अनुदान

सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला सरकारी अनुदान नवे नाही. ठिबक सिंचन, शेततळे, अवजारे, फळबाग लागवड अशा अनेक कामांसाठी तो पिढ्यानपिढ्या अर्ज करीत आला आहे. या सर्व अनुदानांमागे एक समान गृहीतक असते, ते म्हणजे ज्या वस्तूसाठी पैसा द्यायचा ती उपयोगी असल्याचे आधीच सिद्ध झालेले आहे आणि अडचण केवळ ती विकत घेण्याच्या ऐपतीची आहे. जैवतंत्रज्ञानातील नवउद्योगांना त्यांच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर सरकार जे अर्थसाह्य देते, त्याची प्रकृती याच्या नेमकी उलट असते, कारण तेथे वस्तू अजून अस्तित्वात नसते, ती तयार होईल की नाही हे कोणालाही ठाऊक नसते आणि सरकारचा पैसा या अनिश्चिततेचे उत्तर शोधण्यासाठीच खर्च व्हावयाचा असतो.

जैवतंत्रज्ञान म्हणजे सजीव पेशी, जीवाणू, जनुके किंवा सजीवांनी निर्माण केलेली प्रथिने वापरून उपयुक्त वस्तू अथवा प्रक्रिया घडविण्याचे शास्त्र. लस, रोगनिदानाचा संच, ऊतिसंवर्धित रोप, जैविक कीडनाशक, मळीपासून मिळणारे रसायन ही सारी त्याचीच फळे आहेत. या क्षेत्रातील कल्पना कागदावर कितीही पक्की दिसली, तरी सजीव पदार्थ प्रयोगशाळेत एक वागतो आणि शेतात किंवा शरीरात दुसरे, त्यामुळे कल्पना सुचल्यापासून पहिले उत्पादन विकले जाईपर्यंत अनेक वर्षे केवळ खर्चच होत राहतो. बँक कर्ज देताना तारण मागते आणि हप्त्यांची सुरुवात लवकर व्हावी अशी अपेक्षा धरते, तर खासगी गुंतवणूकदार किमान एक यशस्वी चाचणी पाहिल्याशिवाय हात पुढे करीत नाही. विद्यापीठाचा संशोधन निधी शोधनिबंधापाशी थांबतो. संशोधन संपते आणि व्यवसाय अजून सुरू झालेला नसतो, अशा या मधल्या पोकळीत अनेक चांगल्या कल्पना संपून जातात, आणि ती पोकळी भरण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी हा विचार त्यातूनच जगभर रुजला.

अमेरिकेत राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९७७ मध्ये छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी टप्प्याटप्प्याने पैसा देण्याचा कार्यक्रम सुरू केला. १९८२ मध्ये त्याला कायद्याचे रूप मिळाले आणि संशोधनावर मोठा खर्च करणाऱ्या केंद्रीय खात्यांना आपल्या निधीतील ठरावीक वाटा छोट्या उद्योगांसाठी राखून ठेवणे बंधनकारक झाले. भारतात केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ मध्ये स्थापन झाला, त्याने २००५ मध्ये ‘स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च इनिशिएटिव्ह’ ही योजना आणली, आणि २०१२ च्या मार्च महिन्यात ‘बायोटेक्नॉलॉजी इंडस्ट्री रिसर्च असिस्टन्स कौन्सिल’ अर्थात ‘बायरॅक’ ही नफा न कमावणारी सरकारी कंपनी या कामासाठी उभी केली. सोलापूरच्या संदर्भात मात्र ही परंपरा आणखी मागे नेता येते. १९३३ च्या सुमारास तत्कालीन शाही कृषी संशोधन परिषदेने सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी निधी दिला आणि त्यातून अवर्षणप्रवण भागातील जमीन व ओलावा राखण्याच्या पद्धतींचा पाया घातला गेला. उत्तराची खात्री नसलेल्या प्रश्नावर सरकारने या मातीत पैसा घातल्याला नव्वदहून अधिक वर्षे झाली आहेत. फरक इतकाच की तेव्हा तो पैसा सरकारी केंद्राला मिळत होता आणि आता तो एखाद्या तरुण संशोधकाच्या खासगी कंपनीलाही मिळू शकतो.

बायरॅकच्या योजनांपैकी सुरुवातीच्या टप्प्यासाठी सर्वांत महत्त्वाची योजना ‘बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट’ असून तिला व्यवहारात ‘बिग’ असे म्हणतात. तिच्यातून जास्तीत जास्त ५० लाख रुपये १८ महिन्यांसाठी मिळतात. हे कर्ज नसते, त्यामुळे ते फेडावे लागत नाही, आणि त्याच्या बदल्यात सरकार कंपनीचे समभागही घेत नाही. पैशाचा उद्देश एकच असतो, तो म्हणजे ‘प्रूफ ऑफ कन्सेप्ट’, म्हणजे मांडलेली कल्पना प्रत्यक्षात काम करते याचा पहिला विश्वासार्ह पुरावा. अर्ज एखादी व्यक्ती, संस्थेतील संशोधक किंवा नवी कंपनी करू शकते, मात्र काम करण्यासाठी प्रयोगशाळा उपलब्ध असणे आवश्यक असते. ती स्वतःची नसेल तर अर्जदाराने मान्यताप्राप्त इन्क्युबेटरशी, म्हणजे जागा, उपकरणे आणि मार्गदर्शन पुरवून नव्या उद्योगाला उभे राहण्यास मदत करणाऱ्या केंद्राशी, जोडून घ्यावे लागते. अर्जांची छाननी, तज्ज्ञांसमोर सादरीकरण आणि कागदपत्रांची पडताळणी झाल्यावर रक्कम एकदम न मिळता हप्त्यांनी मिळते, आणि पुढचा हप्ता आधी ठरलेला टप्पा पूर्ण झाल्याचे दाखविल्यावर सुटतो.

ही यंत्रणा सोलापूरच्या एखाद्या प्रश्नावर कशी चालेल, हे पाहण्यासाठी डाळिंबाइतके योग्य उदाहरण दुसरे नाही. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि शहरालगत केगाव येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून कार्यरत आहे. लोह, जस्त आणि क जीवनसत्त्वाचे प्रमाण वाढविलेला ‘सोलापूर लाल’ हा वाण याच केंद्राने विकसित केला. तरीही बागायतदाराची झोप उडविणारा रोग म्हणजे तेल्या. झँथोमोनास गटातील जीवाणूमुळे होणाऱ्या या रोगात पाने आणि फळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकते आणि बाजारात त्याला किंमत उरत नाही. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून, वाऱ्यातून, छाटणीच्या कात्रीतून आणि मुख्यतः रोगट कलमांतून तो पसरतो. रोपवाटिकेतील गुटी कलम वरून निरोगी दिसते आणि जीवाणू आत वस्तीला असतो, ही त्यातील खरी अडचण आहे.

समजा, सोलापुरातील एखाद्या जैवतंत्रज्ञान पदवीधराने लागवडीपूर्वीच कलमातील हा जीवाणू ओळखणारा स्वस्त संच तयार करावयाचे ठरविले. जीवाणूचा विशिष्ट जनुकीय तुकडा एकाच तापमानावर लाखो पटींनी वाढवून रंगबदलातून त्याची उपस्थिती दाखविणारी ‘लॅम्प’ नावाची पद्धत शास्त्राला ठाऊक आहे, आणि तिला पीसीआरसारखे महागडे यंत्र लागत नाही. परंतु डाळिंबाच्या पानातील रसायने ही अभिक्रिया बिघडवितात का, किती कमी जीवाणू असतानाही संच अचूक सांगतो, निरुपद्रवी जीवाणूंना तो चुकून तेल्या ठरवितो का, या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यासाठी विकरे, रसायने, शीतपेट्या, नमुने गोळा करणारी माणसे आणि तुलनेसाठी प्रमाणित प्रयोगशाळा लागते. ५० लाख रुपयांचा खरा उपयोग येथे होतो. आणि १८ महिन्यांनंतर उत्तर नकारार्थी आले, तर प्रामाणिकपणे खर्च केलेला तो पैसा वाया गेला असे म्हणता येणार नाही, कारण कोणता मार्ग बंद आहे हे त्यामुळे पुढच्या संशोधकाला कळते. ही गोष्ट लेखापरीक्षणाच्या नोंदीत बसविणे अवघड असले, तरी सरकारी यंत्रणेने ती स्वीकारल्याशिवाय या योजनांना अर्थ राहत नाही.

मात्र याच उदाहरणात योजनेची एक मर्यादाही उघड होते आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. डाळिंबाचे मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार असले, तरी एका बागेत वर्षाला एकच बहार धरला जातो, आणि तेल्याचा जोर पावसाळ्यातील मृग बहारात सर्वाधिक असतो. अनुदानाचा करार ऑक्टोबरमध्ये झाला तर १८ महिन्यांत पावसाळा एकदाच येतो. त्या वर्षी पाऊस ओढ देऊन गेला, आणि सोलापुरात तो तसा अनेकदा जातो, तर रोगच न आल्यामुळे संचाची बागेतील चाचणी कोरडी जाते. संच न करता जैविक कीडनाशक करावयाचे असेल तर वाट आणखी लांबते, कारण १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंदणी करण्यासाठी शेतावरील परिणामकारकतेच्या चाचण्यांची माहिती द्यावी लागते. अठरा महिन्यांची ही चौकट प्रयोगशाळेच्या घड्याळावर बेतलेली असून बागेच्या ऋतुचक्राचा विचार तिच्यात नाही. शेतीविषयक प्रस्तावांसाठी किमान दोन पूर्ण हंगामांचा कालावधी मुळातच मंजूर करणे हा बदल छोटा वाटला, तरी कोरडवाहू जिल्ह्यांना त्याचा मोठा लाभ होईल.

बायरॅकखेरीज इतरही दारे उघडी आहेत. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘निधी प्रयास’ योजना पहिला नमुना तयार करण्यासाठी १० लाखांपर्यंत साह्य देते, तर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ९४५ कोटी रुपयांच्या ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’ योजनेतून इन्क्युबेटरमार्फत २० लाखांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद करण्यात आली. हैदराबादच्या भारतीय भरडधान्य संशोधन संस्थेचे ‘न्यूट्रिहब’ हे इन्क्युबेटर ज्वारी-बाजरीवर आधारित उद्योगांना साह्य करते, आणि याच संस्थेचे रब्बी ज्वारीचे केंद्र सोलापुरात आहे, ही बाब मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीवर काही नवे करू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सार्वजनिक पैसा खासगी कंपनीला फुकट का द्यावा, असा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर लाभाच्या वाटपात शोधावे लागते. रोगमुक्त कलम मिळाल्यास त्याचा फायदा एका कंपनीपुरता न राहता बागायतदार, मजूर, व्यापारी आणि फवारण्या कमी झाल्याने ग्राहक अशा सर्वांना होतो, आणि ज्या लाभाची किंमत कोणतीही एक कंपनी पूर्णपणे वसूल करू शकत नाही, त्यात ती एकटी गुंतवणूकही करीत नाही. मात्र सरकारी पैशातून सिद्ध झालेले तंत्र लहान शेतकऱ्याला परवडणाऱ्या दरात मिळावे, अशी अपेक्षा करारातच स्पष्ट असणे योग्य ठरेल. हक्क संशोधकाचा आणि दर मात्र बेलगाम, ही स्थिती समाज फार काळ मान्य करणार नाही.

सोलापूरच्या अर्जदारापुढील सर्वांत मोठा अडथळा पैशाचा नसून अंतराचा आहे. ‘बिग’ योजना बायरॅक भागीदार संस्थांमार्फत राबविते. त्यांपैकी सोलापूरला सर्वांत जवळची संस्था म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने २००७ मध्ये सुरू झालेले ‘व्हेंचर सेंटर’. तेथील उपकरणे आणि पेटंटविषयक सल्ला यांमुळे पुण्यातील संशोधकाचा अर्ज स्वाभाविकपणेच अधिक घोटीव होतो, तर अडीचशे किलोमीटरवरील पदवीधराला प्रत्येक मापनासाठी प्रवास करावा लागतो किंवा गाव सोडावे लागते, आणि गाव सोडलेल्या संशोधकाचा बागेशी असलेला रोजचा संबंधही तुटतो. बायरॅकच्या ‘बायोनेस्ट’ योजनेतून देशभर सत्तरहून अधिक जैव-इन्क्युबेटर उभे राहिले आहेत, आणि सोलापुरात अशा केंद्राला लागणारे घटक एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. डाळिंब संशोधन केंद्र आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ ही दोन्ही पुणे मार्गावर केगावातच आहेत. एकाकडे रोगाचे आणि पिकाचे ज्ञान आहे, तर दुसऱ्याकडे विद्यार्थी आणि अध्यापक आहेत. या दोघांनी मिळून नवउद्योजकांना भाड्याने वापरता येईल अशी सामायिक जैवप्रयोगशाळा उभारण्याचा प्रस्ताव पुढे न्यावा आणि जिल्ह्यातील साखर कारखान्यांनी, ज्यांच्या मळीचा, बगॅसचा आणि प्रेसमडचा उपयोग याच शास्त्रावर अवलंबून आहे, त्यात आपला वाटा उचलावा. ‘बिग’ योजनेचे अर्ज सर्वसाधारणपणे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या पहिल्या तारखेपासून मागविले जातात. ज्यांच्या मनात एखादी कल्पना आहे त्यांनी त्या तारखेच्या किमान तीन महिने आधी इन्क्युबेटरशी संपर्क साधून प्राथमिक प्रयोगांची नोंदवही तयार ठेवावी.