वस्त्रांतील मार्जारमूत्राचा वास : रसायन आणि प्रक्षालन

मांजर पाळणाऱ्या घरात केव्हा ना केव्हा असा प्रसंग येतो की, एखादी गोधडी, शाल वा चादर त्या प्राण्याच्या मूत्राने भिजते. ती साबणाने धुतली जाते, उन्हात वाळते, घडी करून कपाटात ठेवली जाते. आणि पावसाळ्याच्या पहिल्या दमट दिवशी कपाट उघडताच तोच वास पुन्हा येतो. दोन-चार वेळा धुऊन अखेरीस ते वस्त्र टाकून देतात. जुन्या लुगड्यांची, आजीच्या हातची गोधडी अशा रीतीने जाते तेव्हा तिची भरपाई होण्यासारखी नसते. या अपयशाचे कारण धुणाऱ्याच्या आळसात नसून पदार्थांच्या स्वभावात आहे. मूत्राचा वास म्हणजे एकच पदार्थ, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तेथे निदान दोन भिन्न प्रकृतींचे पदार्थ असतात, आणि एकास घालविणारा उपाय दुसऱ्याच्या बाबतीत निरुपयोगी, कित्येकदा विघातकही ठरतो.

पहिला पदार्थ अमोनिया. मूत्रातील युरिया स्वतः गंधहीन असून पाण्यात सहज विरघळतो. परंतु कित्येक जीवाणूंच्या ठायी असलेले युरिएज हे एंझाइम त्याचे विच्छेदन करून अमोनिया मुक्त करते. (जेम्स समनर यांनी १९२६ साली अबईच्या जातीच्या शेंगांतील बियांपासून स्फटिकरूपात मिळविलेले एंझाइम ते हेच, त्या कार्यासाठी त्यांना १९४६ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.) अमोनिया अम्लधर्मी पाण्यात अमोनियम आयनाच्या रूपाने बद्ध राहतो. पीएच सव्वानऊच्या आसपास गेला की निम्मा अमोनिया मुक्त होतो. धुण्याचा सोडा घालताच वास एकदम भडकल्यासारखा का वाटतो, आणि व्हिनेगरने तो तत्काळ का बसतो, याचा उलगडा एवढ्यावरून होईल. तथापि अमोनिया हा काही मोठा शत्रू नव्हे. तो पाण्याबरोबर जातो, उरलेला हवेत उडून जातो. प्राचीन रोममधील धोबी तर शिळे मूत्रच कपडे धुण्यासाठी वापरीत, ते त्यातील अमोनियासाठीच.

खरी अडचण दुसऱ्या पदार्थाची आहे, आणि ती मार्जारकुलाचे वैशिष्ट्य आहे. मांजराच्या मूत्रात गंधकयुक्त असे एक निराळे अमिनो अम्ल असल्याचे कागदी वर्णलेखनाच्या पद्धतीने १९५१ साली ध्यानात आले, आणि १९५३ साली वेस्टॉल यांनी ते वेगळे केले. त्यास 'फेलिनीन' असे नाव आहे. मासाओ मियाझाकी आदी जपानी संशोधकांनी २००६ साली असे दाखविले की, मांजराच्या मूत्रातील 'कॉक्सिन' नावाचे प्रथिन एंझाइमाचे कार्य करते व एका पूर्वगामी संयुगापासून फेलिनीन निर्माण करते. खच्ची न केलेल्या प्रौढ नराच्या मूत्रात या दोहोंचे प्रमाण मादीपेक्षा पुष्कळच अधिक असते. फेलिनीनलाही स्वतःचा वास जवळजवळ नाही. परंतु ते सावकाश विघटित होते आणि त्यातून थायॉल वर्गातील बाष्पनशील संयुगे बाहेर पडतात. थायॉलांच्या वासाची तीव्रता विद्यार्थ्यांना सांगावयास नको. स्वयंपाकाच्या वायूची गळती कळावी म्हणून त्यात मिसळतात ते याच वर्गातील संयुग, आणि त्याचा लेशमात्र अंश नाकाला पुरतो.

येथे एका रूढ समजुतीचा परामर्श घेणे अवश्य आहे. 'युरिक अम्लाचे न विरघळणारे स्फटिक धाग्यांत रुतून बसतात म्हणून वास जात नाही' असे स्पष्टीकरण बाजारातील बहुतेक द्रावणांबरोबर दिले जाते. युरिक अम्ल पाण्यात फारच थोडे विरघळते हे खरे. १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ६ मिलिग्रॅम. पण ते मनुष्याच्या, आणि विशेषतः पक्ष्यांच्या, चयापचयाचे अंत्य उत्पादन आहे. मांजर व कुत्रा यांच्या यकृतात युरिकेज हे एंझाइम असते. ते युरिक अम्लाचे रूपांतर अधिक विद्राव्य अशा अलँटॉइनमध्ये करते. डाल्मेशियन जातीचा कुत्रा हा यास प्रसिद्ध अपवाद. तेव्हा मांजराच्या बाबतीत हे स्पष्टीकरण आमच्या मते फारसे टिकत नाही.

दमट हवेत वास परतण्याची उपपत्ती आता सुलभ होते. गोधडीसारख्या अनेक पदरी वस्त्रात साबणाचे पाणी वरच्या थरांतून फिरते; आतील थरांत फेलिनीन व क्षार तसेच राहतात. कोरडेपणात सारे स्तब्ध असते. आर्द्रता वाढली की जीवाणूंना व रासायनिक क्रियेला पाणी मिळते, शिवाय पाण्याचे रेणू धाग्याला चिकटलेल्या गंधरेणूंना हुसकून लावतात. सुगंधी द्रव्ये यावर केवळ पांघरूण घालतात.

यावरून उपायांचा क्रम ठरतो. वस्त्र भिजल्याबरोबर भरपूर थंड, साध्या पाण्यात अनेकदा खळबळून काढावे. कारण युरिया व फेलिनीन या अवस्थेत विद्राव्य व बहुतांशी अविघटित असतात. हे वेळीच केले तर पुढचे बरेचसे वाचते. त्यानंतर तिप्पट-चौपट पाणी घातलेल्या व्हिनेगरात भिजवून अमोनिया घालवावा, आणि व्हिनेगर पूर्णपणे धुऊन काढावे. या शेवटच्या सूचनेकडे सहसा दुर्लक्ष होते. थायॉलांचा नाश ऑक्सिडीकरणाने करावयाचा असतो, आणि ती क्रिया अल्कधर्मी पाण्यात, थायॉल आयनरूपात असताना, त्वरेने होते. व्हिनेगर उरले तर ती मंदावते. शिवाय व्हिनेगर व पेरॉक्साइड एकत्र आल्यास दाहक पेरॲसिटिक अम्ल बनते. पॉल क्रेबॉम या अमेरिकन रसायनज्ञाचे, स्कंक नामक प्राण्याच्या थायॉलयुक्त स्रावासाठी १९९३ साली प्रसिद्ध झालेले मिश्रण याच तत्त्वावर आहे : सुमारे एक लिटर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खाण्याचा सोडा, चमचाभर द्रव साबण. ते ताजेच वापरावे. बंद बाटलीत ठेवल्यास ऑक्सिजनाच्या दाबाने बाटली फुटते. सुती पांढऱ्या कपड्यांस सोडियम परकार्बोनेटची पूड कोमट पाण्यात घालूनही हेच साधते. रंगीत कापडाचा कोपरा आधी तपासून पाहावा. लोकर व रेशीम यांस मात्र अल्कधर्मी पेरॉक्साइड अपाय करते, आणि प्रथिनभंजक एंझाइमे असलेल्या धुलाईच्या पुडीही, कारण ते धागेच प्रथिनांचे असतात. अशा पुडी कॉक्सिनाचा नाश करतात, थायॉलाचा नव्हे. सुती वस्त्रासाठी त्या साहाय्यक म्हणून वापराव्यात.

ब्लीचिंग पावडर वा तत्सम क्लोरीनयुक्त विरंजक मात्र येथे मुळीच वापरू नये. अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरॲमाइने निर्माण होतात व ती श्वसनमार्गास घातक असतात. आणि तेच विरंजक व्हिनेगराशी मिसळल्यास क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात असा प्रयोग करणे म्हणजे वासाच्या बदल्यात विष पत्करणे होय.

गोधडी उलगडणे शक्य नसल्यास प्रत्येक द्रावणात ती दाबून दाबून, आतील थर भिजेपर्यंत बुडवावी, व दोन द्रावणांच्या मध्ये स्वच्छ पाणी पालटावे. वास गेला की नाही याची परीक्षा वाळलेल्या कापडावर करू नये. एक भाग पुन्हा ओला करून, धुण्याच्या कामात नसलेल्या दुसऱ्या कोणास हुंगावयास द्यावा. धुणाऱ्याचे नाक एव्हाना त्या वासाला सरावलेले असते.