अडुळशाच्या पानातील रसायनाची ओळख

खोकल्यावरील औषध म्हणून अडुळसा महाराष्ट्रात घरोघरी माहीत असला, तरी त्याच्या पानातील गुणकारी रसायन नेमके कोणते हे ठरविणे किचकट काम आहे. कारण पानात हरितद्रव्य, शर्करा, मेण आणि इतर असंख्य पदार्थ एकत्र असतात.

त्यांतील प्रमुख द्रव्य व्हॅसिसीन हे अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजनयुक्त व बहुधा अल्कधर्मी असे वनस्पतिजन्य संयुग असून, डेव्हिड हूपर यांनी १८८८ मध्ये ते पानांतून वेगळे केले. या कामी त्याचा अल्कधर्मी स्वभावच उपयोगी पडतो. पानांचा अर्क सौम्य आम्लात घेतला की अल्कलॉइडांची लवणे बनून पाण्यात उतरतात आणि मेण व हरितद्रव्य मागे राहते; पुढे अमोनिया घातल्यावर अल्कलॉइडे मोकळी होऊन क्लोरोफॉर्ममध्ये जातात.

या अर्काचा ठिपका सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर ठेवून तिचे टोक द्रावकात बुडविले, की प्रत्येक संयुग आपापल्या गतीने वर चढते आणि बिस्मथयुक्त ड्रॅगेनडॉर्फ अभिकर्मक फवारल्यावर अल्कलॉइडांचे डाग नारिंगी दिसतात. मात्र हा रंग आडनाव सांगतो, नाव नव्हे. द्रव्यमान वर्णपटमापकाने रेणुभार १८८ असल्याचे कळले, तरी तेवढाच भार असलेली इतर संयुगेही असतात. म्हणून अणूंची परस्परांशी जोडणी दाखविणारी अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाची चाचणी आणि शुद्ध नमुन्याशी तुलना या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. एकाच चाचणीवर विसंबून नाव जाहीर करणे शास्त्राला धरून नाही.

त्याहून सूक्ष्म अडचण व्हॅसिसिनोनची आहे. व्हॅसिसीनचे ऑक्सिडीकरण होऊन बनणारे हे संयुग अर्कात आढळते. परंतु हवेच्या संपर्कातही व्हॅसिसीनचे असे रूपांतर होत असल्यामुळे, ते सारे जिवंत पानातच होते की वाळवताना व अर्क काढताना त्यात भर पडली, हे तपासावे लागते. पाने कशी वाळवली व अर्क किती काळ ठेवला याची नोंद त्यामुळे निष्कर्षाइतकीच मोलाची असते.

व्हॅसिसीनची रचना कळल्यामुळेच तिच्या आधारे कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सीन हे कृत्रिम औषध १९६०च्या दशकात वापरात येऊ शकले. हेच व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन घडवू शकते. म्हणून गरोदर स्त्रियांनी अडुळसा वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये.