आपल्या गल्लीत किती चोऱ्या होतात, हे मोजतं कोण?

गेल्या महिन्यात हॅरोहून एका ताईंचा निरोप आला होता. घर बघतायत. दोन जागा पसंत पडल्यात, पण इंटरनेटवर पाहिलं तर एका भागातल्या गुन्ह्यांचा आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. नेमकी तिथूनच मुलीची शाळा पायी दहा मिनिटांवर. "ह्यांचं म्हणणं आहे, त्या भागाचं नावच काढू नकोस. तुम्ही काय म्हणाल?" असा प्रश्न.

ताई, घर कुठलं घ्यावं हे रेडिओवरून सांगणारा मी कोण? पण तो आकडा येतो कुठून, त्यात काय असतं आणि काय नसतं, एवढं नक्की सांगता येईल. मग निर्णय तुमचा आणि ह्यांचा.

आधी माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी सायकल स्टेशनबाहेरून गेली. कुलूप तिथेच, कापलेलं. बायको म्हणाली, पोलिसांना कळव. मी म्हटलं, जुनी सायकल, विमा नाही, कोण तासभर फोन धरून बसणार? नाही कळवलं. झालं! माझ्या लेखी चोरी झाली, पोलिसांच्या लेखी झालीच नाही. त्या वर्षी आमच्या भागातल्या सायकलचोऱ्यांचा आकडा एकाने कमी राहिला आणि माझ्यासारखे शंभर आळशी असतील तर शंभराने.

याउलट मोटार चोरीला गेली की जवळपास प्रत्येक जण कळवतो. का? विमा कंपनी पोलिसांचा गुन्हा क्रमांक मागते म्हणून. म्हणजे पोलिसांकडे मोटारचोरीचा आकडा बराचसा खरा आणि सायकलचोरीचा अर्धवट. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात, एकाखाली एक छापलेले असतात आणि वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच पक्के वाटतात.

बरं, कळवलं म्हणजे नोंद झाली असंही नाही. २०१४ मध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या पोलीस निरीक्षण विभागाने सर्व ४३ पोलीस दलांची तपासणी केली. लोकांनी कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के गुन्हे वहीत चढलेच नव्हते, म्हणजे वर्षाला आठ लाखांहून जास्त. हिंसेच्या गुन्ह्यांत तर हे प्रमाण ३३ टक्के होतं. त्याच वर्षी जानेवारीत पोलिसांच्या आकडेवारीचा 'राष्ट्रीय सांख्यिकी' हा दर्जाही काढून घेतला गेला होता. मग काय, सगळी दलं खडबडून जागी झाली आणि नोंदी काटेकोर करू लागली. पुढच्या काही वर्षांत पोलिसांच्या वहीतली हिंसा झपाट्याने वाढली. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. प्रत्यक्षात त्या वाढीतला मोठा वाटा गुंडांचा नसून कारकुनांचा होता.

हे कसं कळलं? कारण या देशात मोजण्याची दुसरीही एक पद्धत आहे आणि ती पोलिसांवर अवलंबून नाही. तिचं नाव इंग्लंड आणि वेल्सचं गुन्हे सर्वेक्षण. १९८२ पासून हे चालू आहे, आधी त्याला ब्रिटिश गुन्हे सर्वेक्षण म्हणत. पद्धत साधी आहे. टपालखात्याच्या पत्त्यांच्या यादीतून घरं यादृच्छिकपणे निवडायची, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी. त्या घरातली सोळा वर्षांवरची एक व्यक्ती निवडायची आणि विचारायचं, गेल्या बारा महिन्यांत तुमच्या बाबतीत काय काय घडलं? पोलिसांना कळवलं की नाही, हा प्रश्न नंतरचा. महासाथीच्या आधी वर्षाला तीस हजारांहून जास्त लोकांशी अशी बोलणी होत. माझ्या सायकलसारखी चोरी इथे सापडते.

पोलिसांच्या वहीत हिंसा वर जात होती तेव्हा या सर्वेक्षणात तशी वाढ दिसली नाही. म्हणूनच जाणकारांना संशय आला की बदल रस्त्यावरचा नसून वहीतला आहे.

आता कोणी म्हणेल, मग सर्वेक्षणच खरं माना की! तसंही नाही. ज्याचा खून झाला त्याच्या दारावर जाऊन विचारणार कसं? म्हणून खून सर्वेक्षणात नाहीत. दुकानं नाहीत. वसतिगृहात राहणारी आपली मुलं नाहीत, वृद्धाश्रमातले आजी-आजोबा नाहीत. दुकानातल्या चोऱ्यांसाठी पोलिसांचाच आकडा धरावा लागतो. २०२४ साली तो पाच लाखांवर गेला, सध्याची नोंदपद्धत २००२-०३ मध्ये सुरू झाल्यापासून तोवरचा सर्वांत जास्त. त्यात चोऱ्या किती वाढल्या आणि दुकानदार आता जास्त कळवू लागले हे किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. आपल्यापैकी ज्यांची किराणा मालाची दुकानं आहेत त्यांनी स्वतःलाच विचारावं, चॉकलेटचं पाकीट उचलून पळालेला प्रत्येक पोरगा तुम्ही कळवता का?

खुनाचा आकडा मात्र सर्वांत पक्का, असं मानतात. मृतदेह लपत नाही. पण तिथेही गंमत बघा, गंमत म्हणायला जीभ धजत नाही खरं तर. २००२-०३ या वर्षी इंग्लंड-वेल्समधल्या खुनांचा आकडा एकदम उसळलेला दिसतो. त्या वर्षी काही रक्तपात झाला नव्हता. डॉक्टर हॅरॉल्ड शिपमनने कित्येक वर्षांत मारलेल्या रुग्णांची चौकशी पूर्ण झाली आणि १७० हून अधिक खून त्या एका वर्षात नोंदले गेले. तसंच १९८९ मध्ये हिल्सबरोच्या मैदानात चेंगरून गेलेले ९६ जण २०१६-१७ च्या आकड्यात आले. खून नोंदला जातो तो पोलीस ज्या वर्षी नोंदतात त्या वर्षात, माणूस गेला त्या वर्षात नाही. तेव्हा आलेखात उंच टोक दिसलं की आधी खालची तळटीप वाचावी.

आणि मग दर. दर म्हणजे हजार रहिवाशांमागे किती गुन्हे. वेस्टमिन्स्टरचा दर नेहमी भयंकर दिसतो. कारण भागाकार तिथे राहणाऱ्यांच्या संख्येने होतो आणि खिसे कापले जातात ते ऑक्सफर्ड स्ट्रीटवर खरेदीला आलेल्यांचे. तुमचे पुण्याचे काका तिथे पाकीट हरवून बसले तर गुन्हा वेस्टमिन्स्टरच्या नावावर, पण लोकसंख्येत काका नाहीत. जिथे स्टेशन, बाजार, पब, मोठी शाळा आहे, त्या प्रत्येक वस्तीचं थोडंफार असंच होतं. ताई, तुमच्या त्या दुप्पट आकड्यात हे किती असेल, ते आधी बघा.

पोलिसांच्या संकेतस्थळावर २०११ पासून रस्त्यागणिक नकाशा मिळतो. तो बघताना एक लक्षात ठेवा. त्यावरचा ठिपका खऱ्या घरावर नसतो. पीडिताची ओळख लपावी म्हणून आसपासचे गुन्हे एका ठरावीक बिंदूवर ढकललेले असतात, गल्लीच्या मध्यावर नाही तर सुपरमार्केटच्या वाहनतळावर. आणि 'हिंसा' या सदरात केवळ मारामारी नसते. पाठलाग, सतावणं, धमक्यांचे निरोप हेही मोजले जातात. पिडणारं ते सगळंच, पण अंधाऱ्या रस्त्यावर सुरा दाखवणं वेगळं आणि घटस्फोटित नवऱ्याने रात्री दोन वाजता पाठवलेला मेसेज वेगळा. मुलीच्या शाळेच्या वाटेचा विचार करताना दोन्ही एकत्र मोजून चालणार नाही.

आता दुसरा प्रश्न, गुन्हे वाढतात-घटतात कशामुळे? इथे प्रत्येकाचं मत ठरलेलं असतं. आमच्या मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत ऐकावं. बेकारी, गांजा, पोलीस कमी केले, आईवडिलांचं लक्ष नाही, बाहेरून आलेले लोक (हे म्हणणारेही बाहेरून आलेलेच). सर्वेक्षण काय सांगतं? १९९५ हे कळसाचं वर्ष. त्या वर्षी एक कोटी नव्वद लाखांहून जास्त गुन्ह्यांचा अंदाज होता. पुढे फसवणूक सोडून बाकीचे गुन्हे सुमारे तीन चतुर्थांशाने घटले. २००८ ची मंदी आली, नोकऱ्या गेल्या, तरी एकूण उतार चालूच राहिला. तेव्हा बेकारी म्हणजे चोऱ्या, हे समीकरण इतकं सरळ नाही.

मला सर्वांत पटलेलं कारण अगदी गद्य आहे. ऑक्टोबर १९९८ पासून इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत इमोबिलायझर सक्तीचा झाला. किल्ली खरी नसेल तर इंजिन चालूच होत नाही. जुन्या गाड्या भंगारात जात गेल्या तशा मोटारचोऱ्या कोसळल्या. घरांचंही तेच. दुहेरी काचेच्या खिडक्या, चांगली कुलपं आली. घरफोडी म्हणजे बहुधा हुशार दरोडेखोर नसतो, उघडी खिडकी शोधणारा पोरगा असतो, आणि खिडकी सहज उघडली नाही तर तो पुष्कळदा घरी जातो. गृहखात्याच्या २०१४ च्या एका अभ्यासात हेरॉइनच्या लाटेवर बोट ठेवलं होतं. ऐंशीच्या दशकात व्यसनी झालेली पिढी चोऱ्या करत होती, ती वयाने वाढली, काही मेली, काही उपचाराला लागली. वय हेही मोठं कारण आहेच. जगात कुठेही बघा, पंधरा ते पंचवीसचे मुलगे जास्त असतील तिथे भानगडी जास्त. पोलीस किती आहेत यापेक्षा ते उभे कुठे राहतात याने जास्त फरक पडतो.

कार्डिफचं उदाहरण द्यायलाच हवं. जोनाथन शेफर्ड नावाचे जबड्याची शस्त्रक्रिया करणारे सर्जन तिथे रोज फुटलेले चेहरे शिवत होते. त्यांच्या लक्षात आलं की यातल्या कितीतरी मारामाऱ्या पोलिसांना ठाऊकच नाहीत. मग रुग्णालयाच्या स्वागतकक्षात दोन-तीन साधे प्रश्न विचारायला सुरुवात झाली. कुठे लागलं? कशाने? कधी? नाव न देता ही माहिती पोलिसांना आणि नगरपालिकेला जाऊ लागली. कुठल्या पबबाहेर, कुठल्या वेळी गस्त हवी ते कळलं. काचेचे ग्लास फुटून चेहरे फाटतात, म्हणून ग्लास बदलण्याचा आग्रह धरला गेला. तशाच इतर शहरांशी तुलना केली तेव्हा कार्डिफमध्ये हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणारे कमी झालेले दिसले. मोजणी बदलली आणि तिच्यामुळे जखमा कमी झाल्या.

मोजणी चुकली तर उलटंही होतं. गुन्हे सर्वेक्षणात सुरुवातीपासून एक नियम होता, एकाच व्यक्तीवर तोच गुन्हा वारंवार होत असेल तर जास्तीत जास्त पाच वेळा मोजायचा. आकडे दरवर्षी हेलकावे खाऊ नयेत म्हणून. पण असा गुन्हा वर्षात पन्नास वेळा कोणावर होतो? रस्त्यावरच्या माणसावर नाही. ज्या बाईला घरात नवरा मारतो तिच्यावर. पन्नासाचे पाच झाले. सिल्व्हिया वॉल्बी यांच्यासारख्या संशोधकांनी हे सातत्याने मांडलं आणि २०१९ मध्ये ती मर्यादा बदलली गेली. घरातल्या हिंसेचे प्रश्न आता तोंडी विचारत नाहीत. उत्तर देणारी व्यक्ती स्वतः पडद्यावर भरते, विचारणाऱ्यालाही दिसत नाही. आपल्या समाजात व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर, नातेवाईक सात समुद्रापार, आणि 'लोक काय म्हणतील' सोबतीला. अशा घरातली बाई पोलिसांच्या कुठल्याच आकड्यात नसते. ऐकणाऱ्यांत कोणी असेल तर घरगुती अत्याचारासाठीची मोफत राष्ट्रीय मदतवाहिनी चोवीस तास चालू असते: ०८०८ २००० २४७.

फसवणुकीचंही असंच. तिचे प्रश्न सर्वेक्षणात आले ऑक्टोबर २०१५ मध्ये, आणि आता सर्वेक्षणातल्या एकूण गुन्ह्यांत तिचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. सात घटनांमधली एकही धड कळवली जात नाही. "करखात्यातून बोलतोय, अटक होईल" अशा फोनला बळी पडलेले आपले ज्येष्ठ मुलालाही सांगत नाहीत, मग पोलिसांना काय सांगणार?

भारतातल्या नातेवाइकांशी तुलना करताना तर फारच जपून. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे पूर्णपणे पोलीस ठाण्यातल्या नोंदींवर उभे असतात. एका प्रकरणात अनेक गुन्हे असले तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढा मोजतात. इथल्यासारखं दरवर्षीचं देशव्यापी सर्वेक्षण तिथे नाही. केरळचा दर जास्त दिसतो तो तिथे तक्रार नोंदवली जाते म्हणूनही. तेव्हा "तुमच्या लंडनपेक्षा आमचं ठाणं बरं" असं मामा म्हणाले तर हसून घ्यावं, आकडे काढून वाद घालू नये.

तर ताई, असं करा. दोन्ही भागांचे एकूण आकडे बाजूला ठेवा. फक्त घरफोडी आणि रस्त्यावरची लूट, या दोन सदरांचे तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून बघा. एका महिन्यावर जाऊ नका. ठिपके स्टेशनभोवती आहेत की तुम्ही बघताय त्या गल्लीत, ते पाहा. हिवाळ्यात संध्याकाळी साडेचारला, शाळा सुटून अंधार पडतो तेव्हा, त्या वाटेने स्वतः चालत जा. शेजारच्या घराचं दार वाजवा. आणि घर कुठलंही घ्या, सोनं कपाटात ठेवू नका. आशियाई घरांत दागिने असतात हे चोरांना माहीत आहे, दिवाळीच्या सुमारास पोलीस तशी सूचनाही देतात.

आणखी एक. कधी तुमच्या दारात गुन्हे सर्वेक्षणाचं पत्र पडलं तर ते पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर कचऱ्यात टाकू नका. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या संकेतस्थळावर जाऊन खात्री करून घ्या. भाग घेणं ऐच्छिक आहे, पण तुमच्या घराच्या जागी दुसरं घर घेत नाहीत. महासाथीनंतर उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण बरंच घसरलंय. आमच्याकडे अजून ते पत्र आलेलं नाही. आलं तर सायकलचं सांगायला आता उशीर झालाय, बारा महिने कधीच उलटून गेले.