फर्निचर भाड्याने देण्याचा व्यवसाय : थोडा हिशेब, थोडा विचार

जयंतीच्या कार्यक्रमाला खुर्च्या, लग्नकार्याला भांडी आणि सतरंज्या भाड्याने आणण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. मंडपवाला हा या धंद्यातील पहिला व्यावसायिक होय. वस्तू एकाची, वापर अनेकांचा, हे त्याचे सूत्र. तेच सूत्र आता घरातील पलंग, कपाट, टेबल यांनाही लागू झाले आहे. नवी मुंबईत या व्यवसायाला वाव का आहे आणि त्यात उतरणाऱ्या तरुणाने कोणता हिशेब मांडावा, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

मागणी कोठून येते?

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि १९९२ मध्ये रेल्वे खाडी ओलांडून वाशीत आली. आज ऐरोली-महापे येथील संगणक कंपन्यांत आणि नेरूळ-खारघरच्या महाविद्यालयांत बाहेरगावची असंख्य मुले-मुली येतात. त्यांच्या घराचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. हप्त्याने घेतलेल्या पलंगाचे हप्ते फिटण्यापूर्वीच घर बदलते. मग तोच पलंग मिळेल त्या भावाने विकावा लागतो. अशा कुटुंबांना व विद्यार्थ्यांना भाड्याची वस्तू परवडते.

दुसरे गिऱ्हाईक म्हणजे बांधकाम व्यावसायिक. उलवे, पनवेल, खारघर भागात इमारत उभी राहण्याआधीच नमुना सदनिका, म्हणजे सॅम्पल फ्लॅट, सजवून दाखवितात. तेथे फर्निचर मांडून देणे हेही काम आहे. मात्र मुद्दाम लहान मापाचा पलंग ठेवून खोली मोठी भासविणे हा ग्राहकाचा विश्वासघात होय. २०१६ च्या रेरा कायद्याच्या १२ व्या कलमानुसार, नमुना सदनिकेतील खोट्या माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम भरलेल्या ग्राहकाला नुकसानभरपाई मागता येते. आयुष्यभराची पुंजी घरात घालणाऱ्याला फसविण्याच्या कामात आपल्या तरुणांनी हातभार लावू नये.

हिशेब कसा मांडावा?

समजा, एक पलंग १२,००० रुपयांना घेतला व महिना ८०० रुपये भाडे ठरले. वरवर पाहता १५ महिन्यांत पैसे सुटतात. पण तो पलंग वर्षातून नऊच महिने बाहेर राहिला, तर भाडे येते ७,२०० रुपये. त्यातून दोन खेपांचा टेम्पो व हमाली १,२००, पॉलिश-दुरुस्ती ६०० आणि गोदामाचा वाटा १,२०० वजा जाता हाती राहतात ४,२०० रुपये. म्हणजे मुद्दल सुटायला जवळजवळ तीन वर्षे लागतात. तोच पलंग एका घरी सलग अकरा महिने राहिला, तर एकच खेप लागते, ६,४०० रुपये उरतात आणि दोन वर्षांच्या आत मुद्दल वसूल होते. या धंद्यात पडून असलेली वस्तू मालकाला खाते. म्हणून आधी गिऱ्हाईक पाहावे, मग माल घ्यावा. बेंगळूरुहून वाढलेल्या रेंटोमोजो, फर्लेन्को यांसारख्या मोठ्या कंपन्यांशी केवळ भाव पाडून टक्कर देता येणार नाही. जवळच्या वस्तीत तत्काळ दुरुस्ती करून देणे हेच लहान व्यावसायिकाचे बळ आहे.

मालाची निवड

खाडीकाठची दमट हवा व चार महिन्यांचा पाऊस यांमुळे भुशाच्या फळ्या फुगतात, कपाटाला आतून बुरशी येते. सिडकोच्या अनेक जुन्या इमारतींना लिफ्ट नाही व जिने अरुंद आहेत. म्हणून लोखंडी किंवा चांगल्या प्लायवूडची, सुटी करून पुन्हा जोडता येणारी वस्तू घ्यावी. परत आलेली गादी उन्हात टाकून, ढेकूण तपासल्याशिवाय दुसऱ्या घरी पाठवू नये.

करार आणि अनामत

१८७२ च्या करार कायद्याचे १५० वे कलम प्रत्येकाने वाचावे. भाड्याने दिलेल्या सदोष वस्तूमुळे कोणाला इजा झाली, तर देणारा जबाबदार असतो. दोष आपल्याला माहीत नव्हता ही सबब चालत नाही. वस्तू देताना व परत घेताना दोघांसमक्ष फोटो काढावेत, ओरखडे कागदावर लिहावेत, सह्या घ्याव्यात. नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि मोडतोड यांतील फरक करारातच सांगावा. अनामत हे भाड्याचे उत्पन्न नव्हे. ती वेगळ्या खात्यात ठेवून मुदतीत परत करावी. गरीब विद्यार्थ्याची दोन हजारांची अनामत बुडाली, तर त्याचा महिन्याचा खानावळीचा खर्च बुडतो, हे ध्यानात असावे.

भांडवल

१९७८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाची बीजभांडवल योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळते. अर्जासोबत वर मांडला तसा वस्तुनिहाय हिशेब जोडल्यास आपले म्हणणे बँकेला पटवून देणे सोपे जाते. तरीही सुरुवात दहा-बारा वस्तूंनीच करावी. सुतारकाम जाणणारा, टेम्पो चालविणारा आणि हिशेब ठेवणारा असे तिघे सभासद एकत्र आले, तर बाहेर जाणारी मजुरी बरीच वाचते.

नोकऱ्या कमी होत असताना स्वयंरोजगाराची भाषा सर्वत्र ऐकू येते. भाषणाने धंदा उभा राहत नाही. तो वहीने आणि शब्द पाळण्याने उभा राहतो. आमच्या तरुण मित्रांनी पहिला पलंग घेण्यापूर्वी एक वही विकत घ्यावी, एवढीच आमची सूचना आहे.