दाखला लॅमिनेट करण्याआधी

आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला टिकावा म्हणून आपण तो लॅमिनेट करतो आणि नेमके तिथेच नुकसान होते. मशीनच्या उष्णतेने प्लॅस्टिकवरचा चिकट थर वितळून कागदाच्या तंतूंत मुरतो. पुढे दाखला सुखरूप सोडवणे जवळजवळ अशक्य. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात मुळातच आम्ल तयार होत असते, तेही आत कोंडले जाते. उलट पेशवे दफ्तरातले मोडी कागद पाहा. हातकागद आणि काजळीची शाई! काजळी म्हणजे कार्बन, तो उजेडाने विटत नाही. म्हणूनच दोन-अडीच शतकांनंतरही तिथले अक्षर वाचता येते. कृष्णधवल फोटोची गोष्ट वेगळी. त्यात जिलेटिनच्या थरात चांदीचे सूक्ष्म कण असतात. दमट हवेत जिलेटिन फुगते, फ्रेमच्या काचेला चिकटते आणि बुरशीला आयते खाद्य मिळते. कोकणातल्या पावसाळ्यात तर हा धोका फारच मोठा.

स्कॅन केले की झाले, असे कोणी म्हणेल. स्कॅन जरूर करावे, पण फोटोच्या पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेले नाव सहसा स्कॅन होतच नाही. शिवाय फोटो हळूहळू विटतो, सावध व्हायला वेळ देतो. हार्ड डिस्क मात्र अचानक बंद पडते. खर्चाचा आक्षेपही टिकत नाही. आम्लविरहित कागदाचे पाकीट आणि ओल नसलेले कपाट एवढे पुरते. फोटोतली माणसे ओळखणारे कोणी घरात असेल, तर नावे याच आठवड्यात लिहून घ्यावीत, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, मागच्या बाजूच्या कडेला.