फाईल आईच्या हाती

बारावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि आठवडाभरात घरोघरी एक वेगळीच कुजबुज सुरू होते. पोरगी हुशार आहे, गुणही छान आहेत, पण फीचं काय? मग एखादी आत्या नाहीतर काका सुचवतात, "घाला बी. ए. ला, जवळच्या जवळ होईल. उद्या लोकाच्याच घरी जायची आहे." मुलगा असेल तर हीच मंडळी कर्ज काढायची गोष्ट करतात. मी स्वतः बी. ए. झालेली, त्यामुळे बी. ए. ला कमी लेखायचा प्रश्नच नाही. पण जिला फार्मसीला जायचंय, तिनं केवळ पैशापायी दुसरीकडे का वळावं?

आमच्या महिला मंडळात आम्ही चौघी-पाचजणी दरवर्षी जून-जुलैमध्ये दुपारचं टेबल मांडून बसतो. शिष्यवृत्तीचे अर्ज समजावून सांगायचे, कागद तपासून द्यायचे, एवढंच काम. पण तिथं बसून एक गोष्ट पक्की कळली आहे. सवलत नाही म्हणून अडलेल्या मुली थोड्या, कागद नाही म्हणून अडलेल्याच जास्त.

सवलती खरंच आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पूर्वी ते निम्मं होतं. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ही माफी नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तंत्रशिक्षणाच्या पदवी-पदविकेला गेलेल्या मुलींसाठी एआयसीटीईची 'प्रगती' शिष्यवृत्ती आहे, वर्षाला पन्नास हजारांची. निवड झाली तर एका घरातल्या दोन मुलींना मिळू शकते. "आम्ही कुठले गरीब? आम्हाला कोण देणार?" म्हणत अर्धी मध्यमवर्गीय घरं अर्जच करत नाहीत. आठ लाखांची मर्यादा ऐकली की डोळे विस्फारतात.

आता कागदांचं. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, लागू असेल तिथं जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला. वाचताना सोपं वाटतं. पण यातले किती कागद बापाच्या बाजूनंच चालतात, ते टाकून दिलेल्या बाईला विचारावं.

अशीच एक ताई दोन वर्षांपूर्वी टेबलावर आली. चार घरी पोळ्या करते. मुलीला बारावी सायन्सला चांगले गुण. ओबीसीचा दाखला काढायचा, तर वडिलांचे, आजोबांचे पुरावे हवेत, तेही १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. "दहा वर्षं झाली, त्यानं टाकलंय आम्हाला. आता कागद मागायला कुठल्या तोंडानं जाऊ?" म्हणाली. घटस्फोट झालेला नाही, त्यामुळे ज्या खिडकीवर जावं तिथं "वडिलांचं उत्पन्न किती?" हाच पहिला प्रश्न.

नवऱ्याच्या दारात जायची तिची तयारी नव्हती, आणि आम्हीही आग्रह धरला नाही. विचारता विचारता कळलं, मुलीचे आजोबा गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये अशा जुन्या नोंदी असतात आणि त्याचा उतारा मिळतो. ताई एका शनिवारी एस.टी.नं गावी गेली. घाबरत घाबरत सासूला निरोप धाडला होता. म्हातारी काही न बोलता शाळेत येऊन उभी राहिली, एवढंच म्हणाली, "नात माझी पण आहे." गुरुजींनी पिवळी पडलेली वही काढली. नाव सापडलं, पुढं जातही लिहिलेली होती. त्या एका ओळीवर दाखला झाला, आणि पुढं जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून वैधताही मिळाली. मुलगी आज फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आता सरकारी कागदांवर आईचं नाव बापाच्या आधी येतं. चांगलंच आहे. पण ती मुलं कॉलेजात जायला अजून बरीच वर्षं आहेत. तोवर बायांनी रजिस्टरं हुडकायचीच.

दुसरी अडचण मनाची. एक वडील मुलीसमोरच म्हणाले, "आम्ही काय भिकारी आहोत?" मी विचारलं, "भाऊ, तुम्ही शाळेत ईबीसीचा फॉर्म भरला होता का?" गृहस्थ हसलेच. आपल्या महाराष्ट्रात कितीतरी साहेब त्या फॉर्मवर शिकलेत. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं उभी केली, ती दान म्हणून नव्हेत. आजच्या शुल्क शिष्यवृत्तीला त्यांचंच नाव आहे. फॉर्म भरणं म्हणजे हात पसरणं नाही.

म्हणून मैत्रिणींनो, मुलगी अकरावीत गेली की एक फाईल करा आणि ती स्वतःच्या ताब्यात ठेवा. जात वैधतेचा अर्ज बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत करून टाका, निकालानंतर रांगा लागतात. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग ताडून पाहा. एका अक्षरापायी अर्ज परत येतात. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा नव्या वर्षी नवा काढा. दाखला ठरल्या मुदतीत मिळणं हा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दिलेला अधिकार आहे, म्हणून पावती मागायला लाजू नका.

पैसे जमा होतात ते आधार जोडलेल्या खात्यात. आमच्याकडची एक मुलगी कॉलेजजवळच्या बँकेत महिनोन् महिने हेलपाटे घालत होती, पैसे मात्र मामाच्या गावी कधीकाळी उघडलेल्या खात्यात निवांत पडले होते! महाडीबीटीवर अर्ज भरला म्हणजे काम संपलं असंही नाही. तो कॉलेजनं तपासून पुढं पाठवावा लागतो. आठवड्याला एकदा ऑफिसात विचारा, नम्रपणे पण न चुकता. आणि नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

फी माफ झाली तरी मेस, खोली, एस.टी.चा पास उरतोच. त्याची तजवीज घरालाच करावी लागते. पण "पोरीचं शिक्षण परवडत नाही" हे वाक्य उच्चारण्याआधी त्या फाईलमध्ये काय काय आहे, ते एकदा उघडून बघा. नसेल तो कागद उद्याच काढायला निघा.