सूचना निघते, मोहल्ल्यात येत नाही

इफ्तारच्या दस्तरखानावर खजुरांशेजारी केळी हवीतच. आमचे माहेर रावेरकडचे, जळगावच्या केळीपट्ट्यातले, नोकरी धुळ्यात. तरी केळी कशाने पिकवली, हे आम्ही फळवाल्याला कधी विचारले नव्हते.

कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवायला 2011 च्या नियमांनी बंदी आहे. त्यात आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन मात्र ठरावीक प्रमाणात चालते. म्हणजे पिकवलेले प्रत्येक केळे विषारी, ही मोबाइलवरची आवई खरी नाही.

2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याचे कलम 18 सांगते : धोक्याची वाजवी शंका आली, की पदार्थ कोणता, धोका काय, उपाय काय, हे सरकारी यंत्रणेने जनतेला कळवावे. मेहेरबानी नव्हे, कर्तव्यच. मे 2024 मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने कार्बाइडबाबत व्यापाऱ्यांना बजावले. पण उर्दू वाचणाऱ्या आमच्या भगिनींपर्यंत ते कोण नेणार?

आम्ही ते उर्दूत फळ्यावर लिहिले. मुलींनी वहीत उतरवून घरी नेले. दुसऱ्या दिवशी एका मुलीने, तिचे अब्बा केळीची गाडी लावतात, विचारले, “मॅडम, अब्बा विचारतात, इथिलीनची पुडी मिळते कुठे?”